बारदाना वजा करून

प्रिय रीता,

तू रागावून गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले. रविवारी तुझे कुंदनराव नव्या धानाचे तांदूळ न्यायला येतील, त्यांच्या हाती ही चिठ्ठी देईन. ते जवाहरनगरला पोचले की आधी चिठ्ठी वाच, मग तांदळाच्या पोत्याला हात लाव. फोन करायचा नाही असं मी ठरवलं आहे. का, ते शेवटी सांगते. अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं भरली, एकाखाली एक लिहायची सवय जात नाही. तेव्हा आधी भांडण.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेदिवशी भर अंगणात, शेजारची रंभाबाई आणि चार पाहुण्या बायका बसलेल्या असताना, तू फ्रिजमधून माझ्या इंजेक्शनांचा डबा काढून आणलास आणि मला विचारलंस, "या वयात बारीक होऊन कोणाले दाखवाचं आहे तुले?" उत्तराची वाटही बघितली नाहीस. डबा पिशवीत घातलास आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेलीस. मी गप्प बसले ती पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून, माझं काही चुकलं म्हणून नव्हे. आता उत्तर ऐक. मला दाखवायचं आहे. मलाच. सहासष्ट वर्षांच्या बाईला आरसा बघायची मनाई आहे असं कुठल्या सरकारी पत्रकात आलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

आणि खरं सांगायचं तर आरशासाठी मी हे सुरू केलंही नव्हतं. माझे गुडघे तुला माहीत आहेत. गेल्या वर्षी तुझ्या नणंदेच्या लग्नात सगळ्या बायका सतरंजीवर बसून गप्पा हाणत होत्या आणि मी दाराजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, चपला राखायला बसवल्यासारखी. सहा वर्षं मी तलावाच्या पाळीवर चढले नाही. पाळीपलीकडे आपल्या बांध्या आहेत, त्यात धान कसं आहे हे मला दुसऱ्यांनी येऊन सांगायचं. फाल्गुनात भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि म्हणाले की डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागेल, पण या वजनावर आणि या शुगरवर मी हात लावणार नाही, आधी वजन उतरवा. मी म्हटलं, डॉक्टर, दहा वर्षं उतरवतेच आहे, ते पुन्हा चढून बसतं. तेव्हा त्यांनी या इंजेक्शनाचं सांगितलं. आठवड्यातून एकदा, पोटावर, पेनासारखं असतं. औषधाच्या दुकानातल्या माणसाने चिठ्ठी बघून विचारलं, "आजी, सुनेसाठी आहे काय?" मी म्हटलं, मला सून नाही, आणि पोट माझं आहे.

आपल्या गल्लीतली लीलाबाई म्हणाली, उपाशी राहून बारीक व्हावं, सुया टोचून काय होतेस. तिच्या नाकावर चष्मा होता. मी तिला विचारलं की डोळे ताणून वाचायचं सोडून तू काच काहून लावलीस, तर ती उठून गेली. अजून बोलत नाही. न बोलो.

आता वजन कुठे करायचं हा प्रश्न होता. अंगणवाडीतला काटा पोरांना टांगायचा, त्याला मला टांगलं असतं तर छप्पर खाली आलं असतं. डॉक्टरांकडे महिन्यातून एकदा जाणं. मग मी गेले आपल्या धान खरेदीच्या गोदामावर. तिथला काटेवाला खुशाल, माझ्याच अंगणवाडीत खिचडी खाऊन मोठा झालेला, आता त्याचेच केस पांढरे व्हायला लागले आहेत. त्याने मला काट्यावर उभं केलं आणि आकडा वाचून सवयीने मोठ्याने ओरडला, "दोन कट्टे, वर बारा!" चाळीस किलोचा एक कट्टा, म्हणजे तुझी आई ब्याण्णव किलो. मी काट्यावर बघितलं तर त्र्याण्णव. मी म्हटलं, एक किलो कुठे गेला रे? तो म्हणतो, "काकू, बारदाना वजा करा लागते ना!" पंधरा वर्षं पोत्यांचं वजन काढणाऱ्या माणसाने माझी साडी बारदान्यात, म्हणजे रिकाम्या पोत्याच्या वजनात, धरली. मी इतकी हसले की हमाल बघायला आले. पण मग तेच चालू ठेवलं. दर महिन्याला बारदाना वजा करून.

सोपं गेलं असं समजू नकोस. पहिला महिना फोडणीचा वास आला की मी मोरीकडे पळायची. करपट ढेकर, पोट साफ नाही, दोन वेळा तर सगळं उलटून पडलं आणि मी डबा उकिरड्यावर फेकायला निघाले होते. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस तिथेच थांबवला, हळू वाढवू म्हणाले. भाताची गोडी गेली, रीता. आपल्या घरचा वाफाळता भात समोर आणि चार घासांत मन भरलेलं, याचं मला वाईट वाटलं, आजही वाटतं. दंडांची कातडी लोंबते. केस विंचरले की फणीत राहतात. डॉक्टर म्हणाले, या वयात चरबीबरोबर अंगातली ताकदही जाते, म्हणून रोज दोन अंडी, डाळ, आणि खुर्चीवरून हात न टेकवता दहा वेळा उठायचं नि बसायचं. पहिल्या दिवशी तीन वेळा उठले. आता पंधरा वेळा उठते. आणि दसऱ्याला मी एकटी, काठी न घेता, तलावाच्या पाळीवर चढले. वर गेल्यावर दम लागला, पण धान पिवळं झालेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. बराच वेळ तिथे मातीत बसून राहिले. मातीत, रीता, खुर्चीवर नाही. उठताना गुडघा ओरडला, पण उठले.

म्हणून कोणी मला म्हटलं की हे सोड, तर मी सोडणार नाही. डॉक्टर म्हणाले तर सोडीन, रंभाबाई म्हणाली तर नाही.

आता गावाने काय केलं ते. खुशालचं अक्षर मोठं आणि त्याला गोदामाच्या भिंतीवर खडूने लिहायची खोड. त्याने भिंतीवर माझे आकडे लिहून ठेवले, आणि वाळलेल्या धानाचं वजन कमी भरलं की लिहितात तसं खाली लिहिलं, "रुखमाकाकू, घट १३ किलो." दिवाळीनंतर धान विकायला अख्खं गाव गोदामावर. प्रत्येकाने ते वाचलं. आठ दिवसांत गावभर झालं की रुखमाबाई वाळून राहिली, तिला मोठा रोग लागला, आणि पोरीला सांगत नाही. मंडईला घरोघरी पाहुणे आलेले, ते एकेक करून मला भेटून जायला लागले. मला वाटलं, इतक्या दिवसांनी लोकांना माझी आठवण येते, बरं आहे. रंभाबाई तलावातल्या माशांचं कालवण घेऊन आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "जे खावाले मन लागते ते खाऊन घे वं माय." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे आपण कोणाला म्हणतो ते तुलाही माहीत आहे. मला हसू आलं आणि रागही आला. मी तिला सांगितलं की मी कुठेही चालले नाही, आणि कालवण ठेवून जा, दोन घास खाईन. तिचा विश्वास बसला नाही. तिनेच तुला फाटकात गाठून रडत रडत सांगितलं असणार. तू फ्रिज उघडलास तो त्यानंतर, आणि डबा तुला सापडला तो आंब्याच्या लोणच्यामागे, रुमालात गुंडाळलेला.

लपवलेला होता. हे मी मान्य करते. इथवर चिठ्ठीत मीच बरोबर होते, इथून पुढे तसं नाही.

तू अंगणात मला जे बोललीस ते माझ्या वयाबद्दल नव्हतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. डबा पिशवीत घालताना तुझी नजर माझ्या सैल बांगड्यांवर होती ते मी बघितलं होतं, पण रागात त्याचा अर्थ लावला नाही. तू मला बघत नव्हतीस. तू बाबांना बघत होतीस.

अकरा वर्षं झाली. तुझे बाबा त्या पावसाळ्यात असेच उतरत गेले. आधी सदरा सैल झाला, मग करदोटा, मग घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. तुला सातवा महिना होता. तू फोनवर विचारायचीस, "बाबा बारीक झाले काय वं?" आणि मी सांगायची, धानाच्या रोवणीचं काम आहे, दिवसभर चिखलात उभे असतात, होतं असं. नागपूरच्या डॉक्टरांनी पोटाचा कर्करोग सांगितला तेव्हाही मी तुला सांगितलं की ॲसिडिटी आहे. बाबांनीच मला शपथ घातली होती, पोरीला बाळंतपणाआधी सांगायचं नाही. आजवर मी तुला एवढंच सांगत आले. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं हे की मला स्वतःला ते मोठ्याने बोलायचं नव्हतं. तुला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. तू बाळाला घेऊन आलीस तेव्हा त्यांनी तुला ओळखलं नाही. बाळाला त्यांच्या हातावर ठेवलंस आणि त्यांनी ते कोणाचं आहे म्हणून विचारलं. त्या दिवशी तू माझ्याकडे जे बघितलंस, ते मी अकरा वर्षं घेऊन हिंडते आहे.

आणखी एक आहे. गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन मी दर महिन्याला लिहिलं. पाव किलो घटलं तरी त्याच्या आईला घरी जाऊन झापलं. घरातला माणूस डोळ्यांसमोर वाळत होता, आणि त्याला मी एकदाही काट्यावर उभं केलं नाही. ते स्वतः धानाचे कट्टे घेऊन त्याच गोदामावर जायचे. काटा तिथेच होता. आकडा नको होता मला, म्हणून बघितला नाही.

त्यांचं वजन त्यांना न विचारता गेलं. माझं मी उतरवते आहे. एवढाच फरक आहे, पण तो तू माझ्या शब्दावर मानावास असा शब्द मी तुझ्याकडे ठेवलेलाच नाही. म्हणून फोन नाही केला. फोनवरच मी तुझ्याशी खोटं बोलले होते, तेव्हा हे कागदावर, माझ्या सहीचं. सोबत डॉक्टरांचे सगळे कागद आहेत, रक्ताचे, शुगरचे, फाल्गुनापासूनचे. अंगणवाडीतलं एक जुनं वाढीचं कार्डही आहे. लेकरांची रेघ वर जायची, माझी खाली उतरते, म्हणून ते उलटं धरून वाच. डॉक्टरांचा नंबर मागे लिहिला आहे, त्यांना परस्पर विचार, मला आडून विचारल्याचा राग येणार नाही. एक सुई हुकली आहे, ते म्हणाले की येत्या गुरुवारी घेतली तरी चालेल. डबा फ्रिजमध्ये ठेवला असशील असं धरून चालते, बर्फाच्या कप्प्यात ठेवला असशील तर मात्र वाया गेला. तो कुंदनरावांच्या हाती परत पाठवू नकोस. गुरुवारी तू घेऊन ये. सुई तुझ्या हाताने टोच, जोरात टोचलीस तरी चालेल. मग आपण दोघी गोदामावर जाऊ. काट्यावर मी उभी राहीन, आकडा तू वाच. खुशालला मी सांगून ठेवलं आहे की यावेळी काही वजा करायचं नाही.

तुझीच, बारदान्यासकट,
आई