पुठ्ठ्याचं विमान

१० नोव्हें., सोम.
गिऱ्हाईक नाही. नात शबनम नागपूरहून आली ती थेट दुकानात. मोबाईल नाकासमोर धरला. "दादा, पाहा न. लढाईतलं विमान, रात्री उडाचं. पूर्ण लाकडाचं!"
पाहिलं. पातळ फळ्या, सरसाने जोडलेल्या. नाव मॉस्किटो. अब्बा मच्छरच म्हणायचे.
रंधा तसाच चालवत राहिलो. फळी वाया गेली.

११ नोव्हें.
अब्बा त्या लढाईत, दुसऱ्या महायुद्धात, कलकत्त्याजवळ सुतार. रात्री शत्रूची विमानं पाडणारी तुकडी, तिची लाकडी विमानं दुरुस्त करायचे. दमट हवेत सरस सुटायचा. एकदा पंखाच्या सांध्यात पटाशीचं पातं सरळ आत गेलं. साहेबाला दाखवलं. साहेब हसला. त्याच रात्री पंख तुटला, आतले दोघे गेले.
हे त्यांनी गोंडपिपरीच्या चौकात सांगितलं आणि जन्मभराचे 'मच्छर मिस्त्री' झाले. लाकडाचं विमान म्हणे!

१३ नोव्हें.
टेबलाच्या सांध्यावर ओलं फडकं बांधून ठेवलं. दिवसभर भिजवायचं, सांधा टिकला तरच माल द्यायचा, हा अब्बांचा नियम. इतकी वर्षं पाळतोय. हातांनी त्यांचं ऐकलं. तोंड हसतच होतं.

१६ नोव्हें.
वासुदेव आला. तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसणारा हाच. आता वाचनालयाचा अध्यक्ष. शबनमने त्या लाकडी विमानाचे फोटो गावाच्या ग्रुपवर टाकले ना.
"इस्माईलभाऊ, तुमचे अब्बा म्हंजे गावाची शान! सत्कार करून राह्यलो आपण. तुमाले शाल, अन् दोन शब्द बोला."
"शान कवापासून झाले?"
"जुनं काऊन काढता भाऊ? मले तं तवाच वाटे, बुढा खरा हाय म्हणून."
निर्लज्ज. पण मी तरी कुठला मोठा सज्जन.

१७ नोव्हें.
लिहूनच टाकतो. ईदचा दिवस, चौकातली चहाटपरी. वासुदेवने विचारलं, "काबे, तुह्या बापाचं विमान कायचं होतं?" मी म्हणालो, "पुठ्ठ्याचं." सगळे खिदळले. अब्बा मागेच उभे, हातात कप. चहा न पिता फळीवर ठेवला, घरी गेले. मरेपर्यंत विमानाचा शब्द काढला नाही.
साहेब हसला, गाव हसलं, ते सगळं सोसलं त्यांनी. माझं मात्र

२२ नोव्हें., शनि.
उद्या सत्कार. शबनमने सदऱ्याला इस्त्री केली. "दादा, चांगलंच बोला." भाषण पाच ओळींचं. टपरीची ओळ लिहिली, खोडली, परत लिहिली. ती वाचली तर पोरीला कळेल, तिचा दादा कोण होता. नाही वाचली तर शाल घेऊन घरी यायचं, अब्बांच्या नावाची.
आत्ता वासुदेवचा फोन. शाल आधी देऊ की नंतर?
म्हटलं, "भाषण झाल्यावर दे. तवाबी द्यावीशी वाटली तं."
"काऊन भाऊ?"
फोन ठेवला. कागद खिशात आहे.