पेटीतला बर्फ

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लांबवलं, कबूल. कागद आठ दिवस उशाशी होता. रोज त्यावर चहाचा कप ठेवला, अक्षर एक नाही. मग कपाच्या डागात कुठल्याशा बेटाचा नकाशा दिसला, त्यात एक दुपार गेली.

आइस्क्रीमवाल्याकडचं काम सोडलं. भावोजींचं नाव नव्या लिव्हरसाठी ज्या इस्पितळाच्या यादीत आहे, तिथेच आता गाडी चालवतो. गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी दिलेलं लिव्हर पेटीतून आणायचं. एकात एक तीन पिशव्या, सगळ्यात आत गार औषधी पाणी, बाहेर बर्फ. गारव्याने ते काही तास टिकतं, पण गारव्यानेच आतून दुखावतंही. ते दुखावू नये म्हणून इथली एक बाई औषध शोधतेय. सारखी मनगट बघते, म्हणून आम्ही तिला घड्याळबाई म्हणतो.

बाई मला सरळ वाटत नाही. पेटी निघताना अर्धा बर्फ काढते आणि साधं पाणी ओतते. विचारलं तर म्हणाली, तू गाडी बघ. लिव्हरं बिघडली की हिच्याच औषधाचा बोलबाला होणार ना? कुठेतरी पाणी मुरतंय. मी लक्ष ठेवून आहे.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
धाकटा

१३ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी आम्हाला बोलावणं आलं. यांना आत नेलं, हिरवे कपडे चढवले आणि तासाभराने परत पाठवलं. लिव्हरची एक कड गोठून पांढरी पडली होती म्हणे. यांचे डोळे आणखी पिवळे झालेत. डॉक्टर म्हणतात, फार थांबता येणार नाही.

मग यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. एरवी तुझ्या संशयांना मी भीक घालत नाही. उंची वाढली स्वतःची, आणि शिंप्याने कापड चोरलं म्हणून त्याच्या दारात भांडलास तो तू. पण या खेपेला तुझं खरं निघालं. त्या बाईची नोकरी गेली तरी मला वाईट वाटणार नाही. पाहिलंस ते सगळं लिहून पाठव, हे तिची तक्रार करणार आहेत.

वेळेवर जेव. माया आहे म्हणून रागावते, हे विसरू नकोस.

तुझी
ताई

१८ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

तक्रार करू नका. बर्फ काढणारी बाई लिव्हर गोठवील कशी, हे तुमच्या मनात आलं नाही, कारण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात.

त्या मंगळवारी फाटकाबाहेर गाडी थांबवून मी पेटीतलं पाणी ओतून दिलं, बर्फ ठासून भरला आणि वर मीठ टाकलं. आइस्क्रीमच्या डब्याभोवती टाकतो तसं, गारवा वाढावा म्हणून. तो शून्याच्याही खाली गेला. ती पाणी ओतायची ते त्याचसाठी: बर्फाच्या पाण्यात लिव्हर गार राहतं, गोठत नाही. कुणासाठी नेतोय ते आम्हाला सांगत नाहीत. तुझ्या पत्रातून कळलं.

घड्याळबाईने पेटीच्या तळाचं पाणी बोटाने चाखलं. खारट लागलं. कुणी केलं ते तिला ठाऊक नाही. वरिष्ठांना तिचाच संशय आहे, तिचं औषधाचं काम थांबवलंय. काल ती मलाच विचारत होती, वाटेत कुणी पेटीला हात लावला का. मी नाही म्हणालो. आज जाऊन सांगणार आहे. ताई, तू मला

खालून हाक आली म्हणून थांबलो होतो. भावोजी आलेत, तुला न सांगता. जिन्याच्या पायरीवर धापा टाकत बसलेत. तक्रार लिहूनच आणलीय. म्हणतात, साक्षीदार म्हणून तुझी सही तेवढी कर.