मेधाचं मत

२८ सप्टें. २०१४, रवि. त्सुकुबा
फोनवर मेधाला सांगितलं, पंधरा तारखेला विधानसभेसाठी टेकडीवाल्या डॉक्टरांनाच मत दे. माझ्यातर्फे. यादीत माझं नाव अजून आहे, पण पुण्यात जाऊन रांगेत उभं राहिल्याशिवाय उपयोग नाही, आणि पोस्टडॉकच्या पगारात मत द्यायला कोण विमानाने जातो? डॉक्टर अपक्ष. टेकडी फोडून रस्ता न्यायच्या विरुद्ध एकटेच बोलतायत. त्या टेकडीवर मी वर्षानुवर्षं रोज सकाळी चढलोय. मेधा म्हणाली, बघू.
'बघू' म्हणजे काय?

१ ऑक्टो., बुध.
लॅबमधली रेनाता दिवसभर कुरकुरत होती. ब्राझीलची आहे. रविवारी त्यांच्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक, परदेशातल्यांसाठी केंद्र तोक्योत. मतदान सक्तीचं, चुकवलं तर पुढे पासपोर्टला कटकट. म्हणे सगळा रविवार वाया जाणार. ऐकून असा जळफळाट झाला माझा. पंगतीत बसून श्रीखंडाला नावं ठेवावीत, आणि आपण दारात उभे. म्हटलं, तुला नको तर मला दे. हसली ती. मी विनोद करत नव्हतो.

५ ऑक्टो., रवि.
वादळ येतंय. सकाळपासून धो धो पाऊस. अशात कोण जातंय तोक्योला. रेनाता नाहीच जाणार. (जाऊ नये असं वाटतंय. कोणाला सांगण्यासारखं नाही.)

६ ऑक्टो., सोम.
वादळामुळे लॅब दुपारी उघडली. काल गेली होती रेनाता. बूट हीटरजवळ वाळत घातलेले. विचारलं, एवढं सगळं पासपोर्टसाठी? म्हणाली, पासपोर्ट हे निमित्त. तिच्या आईच्या तरुणपणी लष्कराचं राज्य होतं, राष्ट्राध्यक्ष वरच्या वर ठरायचा. आईला पहिल्यांदा मत मिळालं तेव्हा रेनाता तिचं बोट धरून रांगेत होती. आई घरी येऊन खूप रडली. पुढे तिचा उमेदवार पडला, तेव्हा मात्र रडली नाही. कोणाला तरी पाडता येतं, हेच तिला नवीन होतं.
तू कोणाला दिलंस, विचारलं. तिने चष्मा पुसला आणि उद्याच्या मीटिंगची वेळ सांगितली.
आपल्याकडे राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात. म्हणजे आमदाराला माझं मत नाही तर राष्ट्रपतीतही माझा वाटा शून्य. ट्रेनभर हेच डोक्यात.

१५ ऑक्टो., बुध.
मतदान झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती बोटं. सासूबाईंचं, दादाचं, वहिनीचं, सोसायटीच्या वॉचमनचंसुद्धा. मी इथे कचरा वेगळा करत बसलोय, प्लास्टिक एकीकडे, बाटल्या एकीकडे. गावच्या कचऱ्यात माझा वाटा आहे, मतात नाही. ना इथे, ना तिथे.
मेधाचंही बोट आलं. शाईशेजारी नवं नेलपॉलिश. लगेच फोन लावला. डॉक्टरांनाच ना?
"मत गुप्त असतं रे."
"नवऱ्यापासून?"
"नवऱ्यापासून आधी."
हसत म्हणाली. मला नाही हसू आलं.

१९ ऑक्टो., रवि.
डॉक्टर पडले. रस्तावाला आला.
वहिनीकडून कळलं, हा मनुष्य प्रचारात आमच्या सोसायटीत आला होता, पाण्याचं बोलायला. आमच्याच घरी बसला. मेधाने चहा केला. मला हे एका शब्दाने सांगितलेलं नाही. कोणत्या कपात दिला असेल, इथपर्यंत विचार गेला. वय झालं तरी अक्कल नाही.
फोनवर भांडण. म्हणाली, "टेकडी तुझी. टँकरची वाट मी बघते. इथे राहा, मग सांग कोणाला द्यायचं ते." तरी कोणाला दिलं ते सांगितलं नाहीच.

२१ ऑक्टो., मंगळ. धनत्रयोदशी
सेन्सेईंनी, म्हणजे लॅबच्या प्रमुखांनी, बोलावलं. मार्चनंतर आणखी दोन वर्षं राहाल का? तिथल्या तिथे हो म्हणालो, वाकून आभार मानले. संध्याकाळी मेधाला कळवलं. अभिनंदन म्हणाली. मग म्हणाली, कंदील लावायचाय, ठेवते.

२६ ऑक्टो., रवि.
ब्राझीलची दुसरी फेरी. रेनाताबरोबर मीही तोक्योला गेलो. कशाला, कोण जाणे. ती आत, मी फुटपाथवर. माणसं पोराबाळांना घेऊन येत होती, नटूनथटून, लग्नाला आल्यासारखी. एकेकाचा हेवा वाटत होता. राहवेना, मेधाला फोन लावला. म्हटलं, सगळ्या जगाला मत आहे, मलाच तेवढं नाही. माझ्या घराच्या बाबतीत मला कोणी विचारत नाही.
 ती शांतपणे म्हणाली, "दोन वर्षं अजून राहायचं ठरलं, तेव्हा माझं मत कुठे होतं?"
मी काहीतरी बोललो, सेन्सेईंसमोर वेळ कसा मागणार वगैरे. तिने फोन ठेवला.
रेनाता बाहेर आली. येताना ट्रेनमध्ये झोपली.
उद्या सेन्सेई माझ्या दोन वर्षांचे कागद वर पाठवतील. त्याआधी त्यांना थांबवायचं का, ठरत नाहीये. विचारलं असतं तर मेधा नको म्हणाली असती. म्हणूनच विचारलं नव्हतं.