अस्वलाच्या घरातला ससा

१४ जून, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आम्ही दोघी ठीक. ठकीचे पुढचे दोन दात पडलेत, हसली की दार सताड उघडं. माझं वाचनालयातलं काम तेच, फाटकी पुस्तकं शिवायची नि सुटलेली पानं डकवायची.

आपलं लहानपणीचं चित्रांचं पुस्तक आठवतं? अस्वलीण ओढ्याकाठचं सशाचं पोरकं पिल्लू घरी आणते आणि शेवटच्या पानावर सगळी एकमेकांना बिलगून झोपतात, ते? ठकीला ते तोंडपाठ आहे.

महिनाभर दर शनिवारी सकाळी एक गृहस्थ मुलांना गोष्टी वाचून दाखवायला यायचे. पांढरे केस, तुळतुळीत केलेली दाढी, मधाळ आवाज. फॉर्म मीच भरून घेतला. चहासुद्धा मीच दिला गं! गेल्या शनिवारी त्यांनी नेमकं हेच पुस्तक उचललं. शेवटच्या पानाशी थांबून म्हणाले, "मग एक दिवस सशाचा खरा बाप आला आणि त्याला घेऊन गेला."

ठकी ताडकन उठली. "असं नाहीये पुस्तकात!"

"तुमच्या पुस्तकातलं पान फाटलंय, बाळा."

ताई, ते पुस्तक मी या हातांनी शिवलंय. एकही पान कमी नाही.

पुस्तक तिच्या हातात देताना त्यांची बाही वर सरकली. मनगटावर चाव्याचा जुना वण होता. घर सोडलंस त्या दिवशी सुटायला तू कुठे चावलीस, ते तूच सांगितलं होतंस मला. भावोजी होते ते; तुझ्या लग्नात एकदाच पाहिलेले, तेव्हा काळे केस नि भरघोस दाढी, आणि फॉर्मवर नाव भलतंच, म्हणून ओळखलंच नाही मी.

पत्ता कसा लागला म्हणशील. वाचनालयाच्या पत्रिकेत ठकीचं चित्र छापलं, नावासकट. तू शंभरदा बजावलं होतंस. मला मोह आवरला नाही.

आणखी एक सांगायचंय. तीन वेळा पेन खाली ठेवलं.

त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. म्हणाली, "काका म्हणाले, तू माझी आई नाहीस." त्याच्यापासून लपवायला तू माझ्याकडे ठेवून गेलीस तेव्हा दोन वर्षांची होती. मला आई म्हणायला लागली, मी थांबवलं नाही. तू तिला पाठवलेली पत्रं मी कपाटात कोंबून ठेवली, एकही वाचून दाखवलं नाही. आता तिच्या लेखी खरं बोलणारा तो आणि खोटारडी मी.

ग्रंथपालबाईंनी त्याचं वाचन बंद केलं. वाद घातला नाही त्याने, नुसता हसला. पोलिसांकडे गेले तर म्हणाले, "बाप आहे ना? मग मूल आईच्या ताब्यात दिल्याचा कोर्टाचा कागद दाखवा." तो कागद तुझ्यापाशी. परवा तो आमच्या समोरच्या इमारतीत राहायला आला. खिडकीत खुर्ची टाकून बसतो. ठकी शाळेला निघाली की हात हलवतो.

आज तिनेही हलवला.

म्हणून तिला अर्ध्या रस्त्यातून परत आणलं. समोर बसवून सगळं सांगितलं, तुझी पत्रं तिच्या मांडीवर ठेवली. तिने सगळी वाचली, अडखळत, बोट ठेवून. मग विचारलं, "मग तू माझी कोण?"

फोन करायचा नाही असं तूच ठरवलंस, म्हणून हे ग्रंथपालबाईंच्या हाती धाडतेय. कागद टपालाने पाठवू नकोस, आमच्या टपालपेटीवरही त्याची नजर असते. स्वतः घेऊन ये, सरळ पोलीस ठाण्यात. तिथे पोचलीस की निरोप धाड, मी ठकीला घेऊन येते. नंतर तू तिला नेशील, कळतंय मला. तरी ये. उशीर करू नकोस. ठकी आता खिडकीपाशी जाऊन उभी आहे, आणि हाक मारली तर वळून बघत नाही.

तिची मावशी