भिंतीपलीकडचं ‘आम्ही’

शुगर लँड
शुक्रवार, दुपार

प्रिय शैलेंद्र,

‘प्रिय’ सवयीने पडलं आहे, त्यावरून काही समज करून घेऊ नकोस. आधी खर्च सांगतो. आपल्या वाळवंटाच्या सहलीला लागले ते असे: माझे नऊ दिवस, गाडीची पुढची काच, सुलेखाचा नवऱ्याशी तेवीस दिवसांचा अबोला आणि तेहतीस वर्षांचा एक मित्र. पेट्रोल आणि मोटेलं मी धरत नाही. ते परवडलं. काच तुझ्यामुळे गेली. रोझवेलच्या अलीकडे मी त्या खडीच्या ट्रकला ओव्हरटेक करत होतो तर तू मागून ओरडलास, ‘यार रवी, घाई काय आहे?’ मग वीस मैल आपण त्याच्या मागे राहिलो आणि त्याने मागे वळूनही न बघता आपल्याला खडा मारला.

फोन करत नाही, कारण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस. चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला मी तिकीट लावून पत्र पाठवतो आहे. हे पाकीट आधी ह्यूस्टनला जाईल, तिथे शिक्का खाईल आणि मग परत येऊन तुझ्या पेटीत पडेल. तेवढे दिवस मी बोललेलो आहे आणि तू उत्तर देऊ शकत नाहीस, असं आपल्या आयुष्यात पहिल्यांदाच घडणार. मी मजा घेणार आहे.

सहल तुझी होती हे विसरू नकोस. किती वर्षं डोक्यात घेऊन बसला होतास. युरोप सगळेच बघतात म्हणे, आपण वाळवंटातली गावं बघू, हजार वर्षांची आणि कालची, एकाच रस्त्यावर. मी म्हटलं चल. गाडी माझी, नकाशा तुझा, धपाटे शोभनावहिनींचे. फोर्ट स्टॉक्टनपासून तू मागच्या सीटवर ती मानेवर फडकं लोंबणारी टोपी घालून माहितीपत्रकं मोठमोठ्याने वाचत होतास. गाडीत ऊन नव्हतं, शैलेंद्र. एसी अडुसष्ट फॅरनहाइटवर होता. टोपी कशाला?

सांता फेच्या चौकात ओसरीवर बायका चांदीचे दागिने मांडून बसल्या होत्या. तू एकीला तीनदा विचारलंस, हा पिरोजा खरा आहे का. चौथ्यांदा तोंड उघडलंस तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘सर, तुम्ही खरे गिऱ्हाईक आहात का?’ मी तिथे पोट धरून हसलो. मागच्या आठवड्यात कामावर एका ग्राहकाच्या छताखालच्या अ‍ॅटिकमध्ये चढलेलो असताना पुन्हा हसू आलं आणि लगेच डोकं फिरलं, कारण ती गोष्ट घोळवून सांगायला माणूस एकच होता, आणि त्याला मी फोनवर ब्लॉक केलेलं होतं.

टाओसला मात्र मी काय बघत होतो, ते तुझ्या लक्षात आलं नसेल. घरावर घर, मातीचं, हजारएक वर्षांचं, आणि अजून माणसं राहतात. आत वीज नाही. बाहेर ऊन असं की डोळे उघडवत नव्हते, आणि मी भिंतीला हात लावला तर भिंत गार. नुसती माती आणि पेंढा, हातभर जाड. तेहतीस वर्षं मी ह्यूस्टनच्या लोकांना गार हवा विकतो आहे, एका व्हॅनच्या अकरा व्हॅन केल्या, आणि ह्या लोकांनी भिंतीतच काम संपवलेलं. तू तेवढ्यात म्हणालास, ‘काय रवीशेठ, धंदा बंद का?’ मला ते आवडलं होतं. आता आवडत नाही.

मग आकोमा. उभ्या कड्याचा डोंगर आणि वर सपाटीवर वसलेलं गाव. तिथल्याच एक बाई आपल्याला फिरवत होत्या. चर्चमध्ये त्यांनी छताच्या तुळया दाखवल्या आणि लांबचा निळा डोंगर दाखवला. म्हणाल्या, ह्या आम्ही तिथून खांद्यावरून आणल्या आणि वाटेत एकदाही जमिनीला टेकू दिल्या नाहीत. त्या बाई माझ्या वयाच्या. तुळया चारशे वर्षांच्या. तरी ‘आणल्या’. आणि तू, तुझ्या स्वभावाप्रमाणे, माझ्या कानाशी येऊन प्रवचन सुरू केलंस. ‘इंग्रजीची गरिबी बघ. ह्या बाई ‘वी’ म्हणतात त्यात आपण धरलेले आहोत की वगळलेले, कळायला मार्ग नाही. मराठीत बघ कसं चोख. ‘आम्ही’ म्हणजे तू सोडून. ‘आपण’ म्हणजे तू धरून.’ शोभनावहिनी म्हणाल्या, ‘अहो, बाईंचं ऐका ना.’ पण मी तुझंच ऐकत होतो. नेहमीप्रमाणे.

खाली उतरताना सगळे बसने गेले. मी हट्टाने कड्यात कोरलेल्या जुन्या पायऱ्यांनी उतरलो, कारण तू ‘जमेल का?’ विचारलंस. निम्म्यात गुडघ्याने दगा दिला. तू खाली उभा राहून माझ्याकडे असा बघत होतास, जसा शिंपी गिऱ्हाइकाकडे बघतो. ती नजर मी लक्षात ठेवली आहे.

आता माझ्या कानांविषयी. तू सगळ्यांना सांगत फिरतोस म्हणून मीच सांगतो. मी जळगावच्या आयटीआयचा फ्रिज मेकॅनिक, बहिणीच्या कागदांवर इथे आलेला. तू मोठ्या कॉलेजचा, कंपनीने मानाने आणलेला. आपली ओळख माझ्या कानांनी करून दिली. तुझ्या त्या पहिल्या अपार्टमेंटच्या छतावर मी युनिट उघडून बसलो होतो आणि खालून, हवेच्या डक्टमधून, एक बाई ‘मेल्या एसीचं मढं उचललं’ असं म्हणाली. मी डक्टमध्येच ओरडलो, ‘वहिनी, दहा मिनिटं थांबा, जिवंत करतो.’ वहिनींच्या हातातून भांडं पडल्याचंही मी ऐकलं. कॉम्प्रेसर सुरू झाला की तो किती उन्हाळे काढेल हे मी आवाजावरून सांगतो. चालू ब्लोअरमागे ग्राहक नवराबायको काय कुजबुजतात हे मला शब्दन्‌शब्द कळतं, म्हणून तर मी टिकलो. माझ्या कानांतून आजवर काही सुटलेलं नाही.

म्हणून फ्लॅगस्टाफच्या मोटेलात, सुलेखा अंघोळीला गेलेली, मी पलंगावर गुडघ्याला बर्फ लावून बसलेलो, आणि आपल्या दोन खोल्यांमधली भिंत म्हणजे अर्ध्या इंचाचं ड्रायवॉल, नुसता पुठ्ठा. पलीकडे खिडकीतलं जुनं युनिट खडखडत होतं, तरी मला तू फोनवर बोलताना ऐकू आलास. आम्ही घर घेतोय. हो, फीनिक्सलाच. पायऱ्या अजिबात नकोत. कागद पाठवून द्या, उद्या दुपारी बघायला येतो, पण माझ्या मित्राला अजून काही माहीत नाही. तू हसलासही. ती भिंत टाओससारखी मातीची असती तर आज आपण बोलत असतो.

‘आम्ही’. आकोमाला कानाशी येऊन तूच मला त्या शब्दाचा अर्थ सांगितला होतास. तू सोडून.

मला आठवलं ते हार्वी वादळातलं. तुझ्या घरात कमरेएवढं पाणी, आणि तुम्ही तिघं पाच आठवडे आमच्या वरच्या मजल्यावर. कार्पेट वाळवायचे माझे सहा पंखे जिन्यात घोंघावत होते. तू जिन्यावर बसून म्हणालास, ‘रवी, बास झालं हे दमट नशीब. म्हातारपणी आपण वाळवंटात राहू. शेजारी शेजारी.’ मी म्हटलं, ‘एसीवाला लागेलच तुला.’ मी ते विसरलो नव्हतो. दर उन्हाळ्यात, ग्राहकाच्या अ‍ॅटिकमध्ये एकशेतीस डिग्रीत, मी ते मनातल्या मनात काढून बघायचो. तू मात्र त्यातून मला काढून टाकलंस, आणि जागा बघायला मलाच ड्रायव्हर म्हणून घेऊन गेलास.

म्हणून फीनिक्सला मी तसा वागलो. दुपारी तू ‘जरा एक ठिकाण दाखवायचंय’ म्हणालास तेव्हा मी डोकं दुखतंय म्हटलं. संध्याकाळी कालव्याकाठी तू सांगत होतास की जुन्या लोकांनी खणलेल्या कालव्यांच्याच वाटेवर हे नवं शहर पाणी खेळवतं, आणि मी म्हटलं, ‘लोकांना तयार वाटा आवडतात.’ तुला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीतल्या तुमच्या दोन बॅगा मी मोटेलच्या रिसेप्शनवर ठेवल्या, सुलेखाला गाडीत बसवलं आणि साडेअकराशे मैल निघालो. ती टूसॉनपर्यंत भांडली. नंतर तिने तोंड मिटलं. डिकीत वहिनींच्या धपाट्यांचा डबा राहिला होता, तो मी एल पासोच्या पुढे एकट्याने संपवला. रागाने. डबा घासून ठेवला आहे.

तुम्ही विमानाने आलात हे अनयाकडून कळलं. तिने मला फोन केला. ‘रवीकाका, व्हॉट डिड डॅड डू? ही वोन्ट टेल मी. ही जस्ट सिट्स इन द गराज.’ तुझी लेक वकील आहे, मी सावध राहून म्हटलं, बेटा, तुझ्या डॅडलाच विचार. ती म्हणाली, ‘आय डिड. ही सेज, मी काहीतरी बोललो असेन.’ तेवढं एक वाक्य तिने मराठीत म्हटलं, तुझ्याच सुरात. मी फोन ठेवला आणि आणखी चिडलो. काहीतरी? काय बोललास तेही तुला आठवत नाही?

आता हे पत्र का, ते सांगतो. मंगळवारी सुलेखाच्या नावाने वहिनींचं पाकीट आलं. आत चिठ्ठी नाही, नुसता घराचा नकाशा. एका छपराखाली दोन घरं, मध्ये अंगण. उजव्या घराच्या दारापाशी तुझ्या त्या चौकोनी अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं: ‘इथे पायरी नको, रवीचा गुडघा.’ अंगणावर एकच शब्द: ‘आपलं’. खाली बिल्डरने चार सह्यांसाठी चार रेघा मारल्या आहेत, सह्या तीस तारखेच्या आत हव्यात. सुलेखाने तो माझ्या चहाशेजारी ठेवला. मी म्हटलं, मला न विचारता? ती तेवीस दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, ‘तुम्हाला काहीही विचारलं की तुम्ही आधी नाही म्हणता. भावजींना हे माहीत आहे, म्हणून त्यांना आधी दाखवायचं होतं.’ तरीही मी तुला माफ करत नाही, कारण ‘आपण’ म्हणायच्या आधी माणसाला विचारावं लागतं, आणि शिवाय तू कॉम्प्रेसर पश्चिमेच्या भिंतीला ठेवला आहेस, गाढवा, फीनिक्समध्ये, दुपारभरच्या उन्हात. तो उत्तरेला घ्यायचा. भिंती दुप्पट जाड करायच्या. हे झाल्याशिवाय माझी सही मिळणार नाही. पुढच्या रविवारी नकाशा आणि वहिनींचा डबा घेऊन आम्ही दोघं येतो आहोत, टोपी काढून ठेव. पण एक गोष्ट तुला माझ्याकडूनच कळावी, वहिनींकडून नको. सुलेखाने उठता उठता आणखी एक विचारलं: फ्लॅगस्टाफला तो फोन बिल्डरलाच होता ना, मग भावजी मराठीत कशाला बोलतील? ‘आम्ही’ तू म्हणालाच नव्हतास. तू इंग्रजीत बोलत होतास, ‘वी’ म्हणालास.

तुझाच,
रवी