पुलाच्या अलीकडचं पोकलेन

६ मार्च

धाकट्याला पोकलेन घ्यायचंय! जुनं. मध्यम आकाराचं. जेवता जेवता जाहीर केलं. भावजय मान खाली घालून भात कालवत होती, म्हणजे तिला आधीच माहीत होतं. या घरात मला सगळं शेवटीच कळतं.

कारण काय, तर खालचं शेत. दोन वर्षं तिथे पाणी साचतंय, मुळं कुजतायत, मागच्या वर्षी तर चिखलात हात घालून पिकाऐवजी नुसता कुजका वास बाहेर काढला आम्ही. पाणी बाहेर काढायला खोल चर हवा. भाड्याच्या पोकलेनवाल्याने मागच्या वर्षी ‘उद्या येतो’ म्हणत म्हणत पाऊस आणला. त्याचा उद्या अजून उजाडायचाय.

हे सगळं खरं. पण शेवटी काय म्हणाला? “यंदाही कुजलं तर मी परत कारखान्यात जातो, ताई.”

म्हटलं, “जा की! तू नव्हतास तेव्हा शेत काय हवेत होतं?”

तो आणि भावजय येऊन तीन वर्षं झाली. ते गेले तर या घरात मी आणि रिकाम्या खोल्या. हे त्याला कोण सांगणार? मी तर मुळीच नाही.

८ मार्च

आज चर कुठून काढायचा यावरून वाजलं. धाकटा म्हणतो, सरळ काकांच्या शेतातून न्यायचा. त्यांचं शेत आमच्या खालच्या शेताला लागून, त्याच्या पलीकडे ओढा. उतार तिकडेच आहे. छोटं मशीनही चालेल, दोन दिवसांत काम फत्ते.

काका! आमचा सख्खा चुलता. त्याने पाणी अडवलं म्हणून वडील मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. मीही बोलत नाही. बाजारात समोर आला तर मी दुकानाच्या पाट्या वाचते.

“त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही,” म्हटलं. “चर आपल्याच हद्दीतून. खडकाच्या उंचवट्याला वळसा घालून.”

“अगं, तिथे चढ आहे. खडक फोडत किती खोल जायचं? त्याला मोठं मशीन लागेल.”

“मग घे मोठं!”

म्हणजे पोकलेनला मीच हो म्हटलं. वा! माझ्याच तोंडाने.

११ मार्च

भिंतीपलीकडे रोज पोकलेनचे व्हिडिओ. कुणीतरी माणूस तासन् तास मशीनच्या सांध्यांतल्या पिना आणि बुश दाखवतो. पिनांमध्ये खुळखुळा आहे का बघा, इंजिन थंड असतानाच चालू करून बघा. मी ऐकत नाही. पण कानाला दार थोडंच असतं!

१३ मार्च

धाकटा आमच्या पुलाखाली उतरला होता. कालव्यावरचा, आमच्या शेतात शिरायचा तो पूल, वडिलांनी बांधलेला. गुडघाभर पाण्यात वाकून वर बघतोय. मी वरून विचारलं, “काय शोधतोस? खेकडे?”

“काही नाही गं.”

पँट चिखलाने भरवून आणली. धुणार भावजय. हा माणूस म्हणे मशीन पारखणार!

१७ मार्च

पहिलं पोकलेन बघितलं. दलालाचं नाव मी रंगारी ठेवलंय. अंगणात ओळीने उभी मशीनं, सगळी पिवळीधमक, लग्नाला निघाल्यासारखी. रंग इतका ताजा की धाकट्याच्या बोटाला लागला. त्याने ते बोट पँटला पुसलं. परत भावजय!

“एकाच हातावर चाललेलं, साहेब. शेतावरच. खाणीत कधी घातलंच नाही.”

मी इंजिनच्या झाकणावर तळहात ठेवला. गरम! आम्ही पोचायच्या आधीच चालवून ठेवलं होतं, थंड असताना ते चालू होत नसणार. म्हटलं, “हे आत्ताच खाणीतून आलंय का?” रंगारी हसला. दात पण रंगवल्यासारखे.

धाकट्याला बाजूला नेऊन सांगितलं. “तुला कसं कळलं?” म्हणे. म्हटलं, “भिंत पातळ आहे.”

२५ मार्च

दुसरं. मीटरवर चाललेले तास एवढेसे, नवंकोरं म्हणावं इतके. आणि पेडलचं रबर झिजून लोखंड चकचकीत झालेलं! माती उचलायची बकेट जमिनीवर टेकवून हलवायला सांगितली, तर सगळे सांधे खडखडले. विकणारा म्हणतो, “ताई, एवढं तर चालायचंच. जुनं आहे ना!” मीटर बोलतं नवं, हा बोलतो जुनं. दोघांनी आधी आपसात ठरवून घ्यावं.

धाकटा आपला मान डोलावत होता. असाच आहे तो. गोड बोलून कुणीही शेंडी लावावी.

मजा आली, हे मात्र कबूल.

५ एप्रिल

तिसरं. मुद्दाम सकाळीच गेलो, न सांगता. मालकीण विहिरीवर होती. नवऱ्याच्या मागे तिनेच ते चालवलं, आता कंबर साथ देत नाही म्हणून विकतेय. मशीन इतकं कुरूप की बघवेना. रंग उडालेला, सीट फाटलेली, त्यावर पोतं. मी खूश झाले, आज भरपूर बोलता येणार!

इंजिन थंडगार. चालू केलं, दुसऱ्या झटक्यात लागलं. धूर थोडा, तोही गेला. पिना घट्ट. पेडल झिजलेले आणि मीटरवर तासही तेवढेच दांडगे. धाकटा आत बसून मशीनचा हात फिरवू लागला. कारखान्यात क्रेन चालवायचा तो. बकेट अशी अलगद टेकवली की मातीवर नुसता ओरखडा.

शेवटी मी विचारलं, “गळतं कुठे?”

“गळतं की. हा पाइप. रोज थोडं तेल घालावं लागतं.”

आता यावर काय बोलायचं? महिनाभरात पहिल्यांदा कुणी खरं बोललं आणि माझी बोलतीच बंद! परतताना सगळ्या वाटेवर दोष शोधत होते. एक सापडेना. याचाच राग आला.

६ एप्रिल

घे म्हटलं. “पण पोतं बदल,” म्हटलं.

१४ एप्रिल

आज पोकलेन आलं. आणि अडकलं!

ट्रेलरवाला पुलापाशी थांबला. खाली उतरला, पुलाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. “ह्याच्यावरून?” म्हणाला. “तुमचं मशीन, तुमचा पूल, मी नाही येत.”

ट्रॅक्टरपुरता पूल! वडिलांनी ट्रॅक्टर डोळ्यासमोर ठेवून बांधलेला. आम्ही पिना बघितल्या, बुश बघितले, पेडलच्या रबरापर्यंत गेलो आणि रोज पायाखाली येणारा पूल बघितला नाही! जन्मापासून ओलांडतोय म्हणून तो आम्हाला दिसतच नाही. मी धाकट्याला रस्त्यावर, चारचौघांत, ट्रेलरवाल्यासमोर नको नको ते बोलले. अकलेचा खंदक म्हटलं. तो बुटांकडे बघत उभा.

मशीन रस्त्याकडेला उतरवलं. येणारा जाणारा थांबून बघतो आणि हसतो. मीही हसले असते, दुसऱ्याचं असतं तर.

१५ एप्रिल

नवा पूल पावसाआधी होणार नाही. मागच्या रस्त्याने वाट आहे, पण ती काकांच्या शेतातून.

धाकटा म्हणाला, “मी गेलो तर ते म्हणतील, मोठीला यायला काय झालं? तुलाच जावं लागेल.”

“मेले तरी जाणार नाही.”

“बरं,” म्हणाला आणि उठला. नुसतं बरं! भांडायचीसुद्धा अक्कल नाही.

१७ एप्रिल

नाही जाणार.

१८ एप्रिल

भावजय माळ्यावरून त्यांच्या बॅगा काढून धूळ झटकत होती. “उन्हं दाखवते नुसती,” म्हणाली. उन्हं!

चप्पल घातली आणि गेले.

काका ओट्यावर बसून कुदळीला दांडा बसवत होते. म्हातारे झालेत. पाट्या वाचण्याच्या नादात मी हे बघितलंच नव्हतं. मला बघून म्हणाले, “कोण मेलं?”

“कुणी नाही. पोकलेन अडकलंय.”

“माहीत आहे. मी रोज बघून येतो. चांगला तमाशा आहे.”

राग मस्तकात गेला, पण गिळला. वाट मागितली. चर कुठून काढणार, त्यांनी विचारलं. खडकाला वळसा घालून, मी सांगितलं. त्यांनी कुदळ बाजूला ठेवली.

“चढावरून पाणी नेणार? बापासारखीच आहेस! त्याला म्हणत होतो, माझ्या शेतातून काढ, ओढा जवळ आहे. मला म्हणाला, तुझे उपकार नकोत. आणि वर गावभर सांगत सुटला, मी पाणी अडवलं म्हणून.”

मी म्हटलं, “खोटं.”

“बरं, खोटं. तू आता काय म्हणतेस? माझे उपकार हवेत की नकोत?”

असा टाकून बोलतो हा माणूस! अगदी माझ्यासारखा. मला तिथे बसावंसं वाटेना आणि उठावंसंही वाटेना. शेवटी म्हटलं, “हवेत.” म्हणताना रडू आलं. त्यांनी आत बघून चहा टाकायला सांगितलं. मला चहा नकोसा होता. घेतला. साखर फार.

२४ एप्रिल

मशीन मागच्या रस्त्याने आलं. सरळ चर, काकांच्या शेतातून ओढ्यापर्यंत. काका कडेला खुर्ची टाकून बसतात आणि धाकट्याला शिकवतात. त्यांना पोकलेनमधलं ओ की ठो कळत नाही. धाकटा “हो काका, हो काका” करतो आणि हवं तेच करतो.

२७ एप्रिल

चर पूर्ण. खडकाला हात लागला नाही. एवढं मोठं मशीन मग कशाला घेतलं, असं काकाच म्हणाले. आणि लगेच त्यांच्या वरच्या बाजूचा उंचवटा सपाट करायला मागितलं!

२३ जून

दोन दिवस झोडपलं पावसाने. सकाळी खालच्या शेतात गेले. चरातून पाणी धावतंय. शेतात पावलं उमटतात, पण रुतत नाहीत. खाली बसून एक रोप उपटून बघितलं. मुळं पांढरी, ताठ.

बॅगा परत माळ्यावर गेल्या. मी विचारलं नाही. नुसतं बघितलं.

२९ जून

भावजयीबरोबर कपडे पिळत होते. म्हटलं, “नशीब तुझ्या नवऱ्याचं! पूल तोकडा पडला म्हणून सगळं जमलं.”

ती म्हणाली, “पूल झेपणार नाही हे त्यांना मार्चमध्येच माहीत होतं की, ताई. खाली उतरून नव्हते का बघून आले? मला म्हणाले, ताईला बोललीस तर याद राख.”

खेकडे!

जेवताना धाकटा म्हणाला, “पुढच्या वर्षी पूल नीट बांधून घेऊ, ताई.” तोंड इतकं साळसूद.

म्हटलं, “कशाला? काकांकडून वाट आहे की.”