हवालदारानं आधी पाहिलं

मार्गशीर्ष शु. ३, शनिवार

बातमी घेऊन पहिली आली ती शेजारची गोदाक्का. हातात ताकाचं रिकामं भांडं आणि तोंड भरलेलं. म्हणे, तुमच्या डॉक्टरची मंगळवेढ्याच्या कुणा बाईनं दृष्ट काढली, मीठमोहऱ्या ओवाळून, सगळ्या दवाखान्यादेखत. मी म्हटलं, काढू दे की, लोकांची माया आहे. ती गेल्यावर उखळात शेंगाचटणी घेतली ती हात दुखेस्तोवर कुटली. माझ्या नातवाची दृष्ट काढणारी ही कोण? घरात मी बसलेय ना अजून! सूनबाई म्हणाली, आज चटणी फार छान झालीय.

रात्री जेवताना वसूनंच सांगितलं. बिराप्पा हवालदार, जर्मन युद्धात समुद्रापार बसऱ्याला लढून आलेला, आता पेन्शनर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन काल केलं. दृष्ट काढली ती त्याची बायको सोनाबाई. "असा पेशंट मिळायला भाग्य लागतं आजी. हूं नाही की चूं नाही." पुढं भाकरी संपली तरी हवालदार संपेना. माझी चटणी कशी झाली, ते सांगितलं का? नाही.

शु. ४, रविवार

अंगणात उन्हात बसून लिहितेय. उन्हात उजव्या डोळ्यानं एवढं तरी जमतं, अक्षर भोपळ्याएवढं. ह्यांनी हौसेनं गिरवायला शिकवलं, ते गेले, सवय राहिली.

मलाही मोतीबिंदूच. वसू मुंबईला शिकायला गेला तेव्हा धड मिसरूड फुटलं नव्हतं. डॉक्टर होऊन आला तोवर माझ्या डोळ्यांवर साय धरलेली. चपलेच्या आवाजावरून ओळखते. चेहऱ्याच्या जागी सांडलेल्या दुधासारखा डाग. मिशी आहे म्हणतात. जिल्हाभरचे पेन्शनर याचं तोंड बघून जातात आणि आजीला...

आज पुन्हा विचारलं, माझा डोळा कधी करतोस? म्हणाला, "कापायला वेळ लागत नाही आजी. पुढं आठवडाभर डोळे बांधून उताणं पडायचं, डोक्याच्या दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या. बोलायचं नाही, हसायचं नाही. तुला जमेल?" मी म्हटलं, न जमायला काय झालं, तुझ्या आजोबांबरोबर बार्शीला गेले होते तेव्हा... आणि वाटेत गाडीचा बैल बसला ती सगळी हकीकत सांगितली. सांगून झाल्यावर हा हसतोय. मग हसायचा थांबला. "जखम उघडली तर डोळा कायमचा जाईल. तुझ्या डोळ्याला मी नाही हात लावायचा."

हवालदाराच्या बरा लावतोस!

शु. ९, शुक्रवार

हवालदाराची पट्टी सुटायची म्हणून हट्टानं टांगा मागवून दवाखान्यात गेले. बघायला म्हणजे ऐकायलाच. वसूनं त्याच्या डोळ्यापुढं जाड भिंग धरलं. "हवालदार, किती बोटं?"

"बोटं ऱ्हाऊ द्या सायेब. तुमचं त्वांड बघू द्या आदी." आणि मग मोठ्यांदा, "आगं सोने, ह्ये तर पोरगं हाय की! पर सायेब, कानावरचं केस पांढरं झालं हायती."

सगळे हसले. सोनाबाई रडली, वसूला लेकरा लेकरा करत होती आणि हा तिला मावशी म्हणत होता. परतताना टांग्यात विचारलं, पांढरे झालेत? "थोडे झालेत गं." घरी सूनबाईला विचारलं, तर म्हणे, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे.

कसं ठाऊक असणार! मंगळवेढ्याच्या माणसाला डोळा उघडल्याबरोबर दिसलं. मी इथं रोज वाढतेय त्याला. तिशी गाठली नाही पोरानं आणि केस पांढरे. तेल तरी लावून दिलं असतं.

शु. ११, रविवार

त्या दोघांना घरी बोलावलं. गोदाक्काला वाटलं, माझं मन मोठं. मला बघायचं होतं, ती बाई काय लळा लावते माझ्या नातवाला. साधी निघाली मेली. माझ्यासाठी घोंगडी आणली होती, स्वतः लोकर कातलेली. घोंगडी ऊबदार आहे, त्याला मी काय करू?

हवालदाराला सरळ विचारलं, इतकं गप्प पडून राहायला जमलं कसं? म्हणाला, "आईसाब, तकडं खंदकात मेल्याल्या गड्यांच्यात पडून हुतो दोन दिस. हाललो असतो तर गोळी हुती. डोळ्यावर माशी बसली तरी पापनी न्हाय हालवली. हितं तर खाट हुती, सोनी हुती, सायेब हुतं."

सोनाबाई म्हणाली, "आजूनबी निजला की तसाच पडतोय. म्या नाकाम्होरं हात धरून बगते."

आजवर या माणसाच्या प्रत्येक गोष्टीचा हेवा केला. या एका गोष्टीचा नाही केला.

मग मात्र म्हटलं, मला शिकवा.

शु. १३, मंगळवार

दोघं वसूच्या सांगण्यावरून, डोळा पक्का होईस्तोवर, इथल्या धर्मशाळेतच आहेत, दुपारी येतात. मी सतरंजीवर उताणी, डोळ्यांवर फडकं, डोक्याशी जोंधळ्याच्या दोन पिशव्या. हवालदार उशाशी. "हुकूम हुईस्तवर हालायचं न्हाय." पडले. बरं चाललं होतं. एवढ्यात चुलीवरून वास आला. "अगं दूध!" म्हणून ओरडत उठून बसले सुद्धा. पिशवी फुटून जोंधळा घरभर. हवालदार म्हणतो, "ग्येला आईसाब. डोळा ग्येला." सोनाबाई हसून हसून भिंतीला टेकली. आणि दूध उतू गेलंच.

वद्य १, शुक्रवार

आज ओठ मिटून पडले होते आणि गोदाक्का आली. तिची धाकटी नणंद सासर सोडून आलीय, ट्रंकेसकट. का आली, ते ती सांगेना, मी विचारायची वाट बघत राहिली. नाही विचारलं. "बऱ्या आहात ना?" म्हणाली आणि घाबरून गेली.

फडकं काढलं तर दारात वसू. कधीचा उभा होता कोण जाणे. मला खिडकीशी नेलं, पापणी वर करून डोळ्यात कितीतरी वेळ बघत राहिला. त्याचा हात कापत होता. हवालदाराच्या वेळी नसेल कापला. आज पहिल्यांदा वाटलं, बरं झालं, कापला ते.

नणंद का आली, अजून कळलं नाही.

वद्य ३, रविवार

दोघं सर्व्हिस मोटारीनं गावी गेली. शिदोरी दिली, चटणी जास्तच दिली. सोनाबाईनं निघताना पुन्हा वसूची दृष्ट काढली. या खेपेला मोहऱ्या माझ्या डब्यातल्या होत्या.

दुसऱ्या डोळ्यासाठी यायचंय त्यांना. हवालदारानं विचारलं, "सायेब, बाजूची खाट रिकामी ठिवनार का?" वसू म्हणाला, ठेवतो. कुणासाठी, ते बोलला नाही.

मीही विचारलं नाही.

पौष शु. ५, बुधवारी येतो म्हणाली दोघं.